शंभर खिंडींचा हिशेब



आमच्या व्याख्यानाचा विषय चिटणीसांनी विचारला तेव्हा आम्ही 'शंभर खिंडींचा हिशेब' असे सांगितले. त्यांनी तो लिहून घेतला आणि जरा थांबून विचारले, "म्हणजे पावनखिंडीवर बोलणार का?" आम्ही म्हटले, "नाही, सायकलीवर बोलणार." यावर ते काही बोलले नाहीत. परंतु त्यांच्या चेहऱ्यावर जी शंका उमटली तीच आपणांपैकी अनेकांच्या मनात आज असेल. काल या व्यासपीठावरून वेदान्त झाला, उद्या अर्थकारण होणार, आणि मध्येच ही सायकल कुठून आली? आमची एवढीच विनंती आहे की तासभर धीर धरावा. विषय सायकलीचा असला तरी आम्हांला बोलायचे आहे ते एका साध्या प्रश्नावर. ज्या गोष्टीला कोणी साक्षीदार नाही, तिची खरी नोंद माणूस करतो का?

आधी खिंड म्हणजे काय ते पाहू. आपण बोलताना घाट आणि खिंड यांची सरमिसळ करतो. घाट हा रस्ता आहे. डोंगराची रांग दोन शिखरांच्या मध्ये जिथे खाली वाकते, आणि जिथून एका खोऱ्यातला माणूस दुसऱ्या खोऱ्यात उतरू शकतो, ती जागा म्हणजे खिंड. फ्रेंच भाषेत तिला 'कोल' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मान किंवा गळा असा आहे. दोन खांद्यांच्या मधली मान, हे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे शब्द चटकन समजतो. खिंड आणि हिशेब यांचे नाते आपल्याला नवीन नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटात माथ्यापाशी सातवाहनांचे लेणे आहे. त्यातल्या शिलालेखात यज्ञांत दिलेल्या दानांचे आकडे कोरलेले आहेत, आणि आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या अंकांत त्यांची गणना होते. जवळच दगडी रांजण आहे, तो जकातीचा अशी परंपरा सांगते. सांगावयाचे तात्पर्य, जिथे डोंगर ओलांडायचा तिथे माणसाने फार पूर्वीपासून काहीतरी मोजून ठेवले आहे.

आता फ्रान्सकडे वळू, कारण आजची गोष्ट तिथली आहे. त्या देशात सायकलीचे दोन संप्रदाय आहेत. पहिला शर्यतीचा. 1903 साली 'टूर द फ्रान्स' ही शर्यत सुरू झाली, 1910 साली तिने पिरेनीज पर्वतातली तुर्माले ही 2115 मीटर उंचीची खिंड ओलांडली, आणि 1911 साली आल्प्समधल्या गालिब्येवर ती पोचली. शर्यतीत घड्याळ असते, पंच असतो, दंड असतो. 1913 साली युजेन क्रिस्तोफ नावाच्या स्वाराचा पुढचा चिमटा तुर्मालेच्या उतारावर मोडला. नियम असा की दुरुस्ती ज्याची त्याने करावी. बिचारा सायकल खांद्यावर घेऊन मैलोगणती चालत खाली गेला, एका लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हाताने चिमटा सांधला, आणि शर्यतीचे अधिकारी शेजारी उभे राहून पाहत होते. भाता मारायला एका पोराने हात लावला, तेवढ्यावरून त्याला काही मिनिटांचा दंड झाला! शर्यतीचे न्यायशास्त्र हे असे आहे. तिथे सत्य पंचाच्या वहीत असते.

दुसरा संप्रदाय भटक्यांचा. त्याचे आद्य आचार्य पॉल द व्हिव्ही. 'वेलोसिओ' या टोपणनावाने ते लिहीत. सेंत-एतिएन या गावी राहून त्यांनी सायकलीवरचे मासिक चालवले, लांबलांबच्या फेऱ्या काढल्या, आणि चढावर गिअर बदलण्याच्या युक्तीचा आयुष्यभर पुरस्कार केला. शर्यतवाल्यांना ती युक्ती बायकी वाटे. टूर द फ्रान्समध्ये गिअर बदलण्याच्या यंत्राला मोकळीक मिळाली ती 1937 साली. वेलोसिओ त्याआधी सात वर्षे, 1930 साली वारले होते. त्यांच्या संप्रदायात कोणी कोणाच्या पुढे जायचे नसते. चढ आपला, घाम आपला, आणि वर पोचल्याचा आनंदही आपलाच.

या दुसऱ्या संप्रदायातून 1972 साली झां पेर्दू या गृहस्थांनी एक मंडळ काढले. त्याचे नाव 'क्लब दे सां कोल', म्हणजे शंभर खिंडींचे मंडळ. प्रवेशाची अट ऐकण्यासारखी आहे. उमेदवाराने केवळ स्नायूंच्या बळावर, स्वतःच्या आनंदासाठी, स्पर्धेची भावना न ठेवता, शंभर वेगवेगळ्या खिंडी सायकल घेऊन चढलेल्या असाव्यात, आणि त्यांतल्या निदान पाच 2000 मीटरपेक्षा उंच असाव्यात. आपले कळसूबाई 1646 मीटर आहे. तेव्हा महाराष्ट्राच्या सर्वांत उंच शिखरापेक्षाही साडेतीनशे मीटर वर, अशा पाच जागी सायकल न्यायची असा त्याचा अर्थ होतो.

नियम काही बाबतींत कडक आहेत आणि काही बाबतींत दयाळू आहेत. एकच खिंड दोन बाजूंनी, किंवा दहा वेळा चढली, तरी ती एकच मोजायची. नकाशावर किंवा पाटीवर त्या जागेला खिंडीचे नाव असले पाहिजे. आपल्या मनाने कुठल्याही चढाला खिंड म्हणता येत नाही. उलट, चढ झेपला नाही तर खाली उतरून सायकल ढकलत नेली, किंवा पाऊलवाटेवर खांद्यावर घेतली, तरी चालते. घाई नाही, मुदत नाही. शंभर खिंडींना दोन वर्षे लागोत की चाळीस, कोणी विचारत नाही.

आता ही नोंद करतात कशी? पूर्वी कागदावर यादी लिहून टपालाने पाठवीत. आता मंडळाच्या संकेतस्थळावर घरबसल्या भरता येते. फ्रान्समधल्या हजारो खिंडींची सूची तयार आहे. प्रत्येकीला एक खूण दिलेली आहे: आधी देशाची अक्षरे, मग जिल्ह्याचा क्रमांक, मग उंची. इझोआर खिंड पाचव्या क्रमांकाच्या जिल्ह्यात 2360 मीटरवर आहे, म्हणून तिची खूण FR-05-2360. इझरां ही आल्प्समधली सर्वांत उंच डांबरी खिंड, तिची खूण FR-73-2764. जुन्या पाट्यांवर तिची उंची 2770 लिहिलेली असे. पुढे मोजणी सुधारली आणि सहा मीटर कमी झाले. डोंगर तोच राहिला, हिशेब दुरुस्त झाला. आपण नाव शोधायचे, त्यापुढे खूण करायची, अशा शंभर खुणा झाल्या की आपल्या सचोटीवर हवाला देऊन यादी पाठवायची. दर वर्षी नव्या खिंडींची भर कळवायची, आणि मंडळाच्या वार्षिकात सभासदांची नावे आकड्यांसह छापली जातात.

आणि तपासणी? तपासणी नाही! शिक्का नाही, छायाचित्र नाही, साक्षीदाराची सही नाही. वास्तविक त्याच देशात शिक्क्याची मंडळेही आहेत. व्हांतू नावाचा एक उघडाबोडका पर्वत आहे. तो एका दिवसात तिन्ही रस्त्यांनी चढणाऱ्यांचे एक मंडळ 1988 सालापासून आहे. तिथे प्रत्येक गावी कार्डावर शिक्का मारून घ्यावा लागतो. त्यात वावगे काहीच नाही. पण शंभर खिंडींच्या मंडळाने ही वाट घेतली नाही. तुम्ही म्हणता 'चढलो', मंडळ म्हणते 'चढलात'. संपले.

हे प्रथम ऐकले तेव्हा आम्हांला हसू आले. आमचे आयुष्य गॅझेटेड अधिकाऱ्याच्या सहीमागे धावण्यात गेलेले. स्वतःच्या गुणपत्रिकेची नक्कल खरी आहे हे सांगायला आम्हांला एक अनोळखी माणूस लागत असे, आणि त्या माणसाला ना आम्ही माहीत, ना आमचे गुण. 2014-15 च्या सुमारास सरकारने स्वसाक्षांकन मान्य करायला सुरुवात केली, तेव्हा कुठे आपल्याच सहीला थोडी किंमत आली. अशा माणसाला ही फ्रेंच भाबडेपणाची कमाल वाटली तर नवल काय? आम्ही मनात म्हटले, कोणीही उठावे आणि शंभर नावे भरावीत. या शंकेचे उत्तर आम्हांला मिळाले, पण ते फ्रेंच माणसाकडून मिळाले नाही. ते स्वतःकडूनच मिळाले, आणि मिळाले ते खाली मान घालून.

नोकरीच्या निमित्ताने आम्ही चार वर्षे ग्रनोबल शहरी होतो. आल्प्सच्या पायथ्याचे गाव ते. बाहेर पडले की शार्त्रूजच्या डोंगरात पोर्त, क्युशरों, ग्रानिए अशा खिंडी रांगेने लागतात. हजारबाराशे मीटरच्या, झाडीने भरलेल्या. रविवारी सकाळी निघावे, दोन चढाव्यात, दुपारी जेवायला घरी यावे. असा छंद जडला. रोज रात्री वहीत दोन ओळी लिहायच्या, एवढीच आमची शिस्त. मायदेशी परतताना ती वही पेटीच्या तळाशी गेली.

निवृत्तीनंतर, 2018 सालच्या पावसाळ्यात, ती पुन्हा हाती लागली. मोजून पाहिले तर 103 खिंडी भरल्या. उंच खिंडीही बरोबर पाच: लोतारे, क्रुआ द फेर, इझोआर, इझरां आणि गालिब्ये. आम्ही आनंदाने संगणकापुढे बसलो. सौभाग्यवती वही घेऊन शेजारी बसल्या. त्या वाचून दाखवायच्या, आम्ही खूण करायची, असा संध्याकाळी तासभर कार्यक्रम चाले. चौथ्या दिवशी 2004 सालचे पान आले. त्या वाचू लागल्या: "गालिब्ये. व्हालुआरहून निघालो. बोगद्यापाशी थांबलो. गारा. परत." मग चष्मा वर करून त्यांनी विचारले, "अहो, बोगदा म्हणजेच वरचं टोक ना?"

आम्ही म्हटले, "हो, तेच ते." आणि खूण केली.

बंधुभगिनींनो, बोगदा म्हणजे वरचे टोक नव्हे. गालिब्येची उंची 2642 मीटर. बोगदा तिच्या पोटातून जातो, 2556 मीटरवर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो खणला. 1976 साली दुरुस्तीसाठी बंद झाला, तेव्हा माथ्यावरून नवा रस्ता काढला, आणि 2002 साली बोगदा मोटारींसाठी पुन्हा उघडला. सायकलस्वाराने वरच्या रस्त्यानेच जायचे असते. व्हालुआर गावापासून सुमारे 17 किलोमीटर चढून आम्ही बोगद्याच्या तोंडाशी आलो होतो. वर जेमतेम एक किलोमीटर उरला होता. तेवढ्यात ढग गडगडले, गारा सुरू झाल्या, हात बधिर झाले, आणि आम्ही मागे फिरलो. त्या वेळी परतण्यात शहाणपण होते. त्याची आम्हांला आजही लाज वाटत नाही. वहीतही आम्ही खरेच लिहिले होते. खोटे झाले ते चौदा वर्षांनी, कोरड्या खोलीत, पंख्याखाली, चहा पिता पिता.

त्या रात्री झोप आली नाही. मन वकिली करू लागले. अठरा किलोमीटरांतले सतरा तर चढलो! शिवाय टूर द फ्रान्सचे महारथी 1911 पासून साठ-पासष्ट वर्षे बोगद्यातूनच गेले. त्यांना कोणी गालिब्ये चढला नाहीत असे म्हणते का? मुद्दा बिनतोड वाटला. पण पहाटे त्यातली भेग दिसली. ते बोगद्यातून पलीकडे गेले होते. त्यांनी डोंगर ओलांडला, आणि त्यांच्या काळी रस्ता तोच होता. आम्ही आल्या वाटेने परतलो होतो, आणि वरचा रस्ता आमच्या डोळ्यांपुढे उघडा होता. खिंड म्हणजे जिथून पलीकडचे खोरे दिसते ती जागा. आम्ही पलीकडचे खोरे पाहिलेच नव्हते.

सकाळी आम्ही सौभाग्यवतींना सारे सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग पुसून टाका की. त्यात काय!"

आम्ही म्हटले, "अगं, पुसलं तर उंच खिंडी चारच राहतात. प्रवेश मिळायचा नाही."

"मग पुन्हा जा."

आणि त्या पोळ्या करायला उठून गेल्या.

आम्ही खूण पुसली. पुसताना आम्हांला जे जाणवले तेच आज सांगायला आलो आहोत. या खोट्यापासून आम्हांला काय मिळणार होते? बक्षीस नाही, पैसा नाही, कोणाला हरवायचे नाही. सात समुद्रांपलीकडच्या वार्षिकात बारीक टाईपात एक नाव. लाभासाठी माणूस खोटे बोलतो असे आपण धरून चालतो, आणि म्हणून साऱ्या तपासण्या लाभाच्या दाराशी उभ्या करतो. परंतु लाभ नसतानाही माणूस खोटे बोलतो. स्वतःविषयी जे चित्र त्याला हवे असते ते पुरे करण्यासाठी बोलतो. हे खोटे कोणत्याही शिक्क्याने सापडत नाही. आमच्यापुढे पंच असता तर आम्ही त्याला चुकवण्याचा विचार केला असता, आणि चुकवता आले नाही म्हणून प्रामाणिक राहिलो असतो. पंच नव्हता म्हणून आम्हांला आमचे काम स्वतः करावे लागले. त्या मंडळाच्या भाबडेपणाला आम्ही हसलो होतो. त्याने आम्हांला दिलेला मान आमच्या लक्षात आला नव्हता.

यावर कोणी म्हणेल, तुम्ही पुसले; पण न पुसणारेही असतील, त्यांचे काय? असतील. त्यांची नावे आमच्या नावाशेजारी छापली जातील. त्याने आमची एकही खिंड कमी होत नाही. आपल्याकडे जप करणारा माळेचे 108 मणी ओढतो. मध्ये चार मणी सरकवले तर कोण पाहते? आणि पाहिले नाही म्हणून तो जप पुरा होतो का? दिवे घाट चढून सासवडला जाणाऱ्या वारकऱ्याच्या हाती पंढरपुरात कोणी दाखला देत नाही. तरीही वारी चुकली तर तो 'चुकली' असेच म्हणतो. ही रीत आपल्या घरचीच आहे. फ्रेंच माणसाने ती सायकलीला लावली एवढेच.

गोष्ट अर्धवट ठेवत नाही. पुढल्या उन्हाळ्यात, 2019 साली, भाच्याकडे जाण्याचा योग आला. तो लिऑं शहरी असतो. जुलै महिना होता. गालिब्येचा रस्ता हिवाळाभर बर्फाखाली असतो आणि उन्हाळ्यातले थोडेच महिने खुला राहतो. त्याने सायकल भाड्याने घेऊन दिली, आणि काळजीने म्हणाला, "मामा, आता विजेवर चालणारी मिळते. चढ जाणवत नाही." आम्ही म्हटले, "अरे, चढ जाणवावा म्हणून तर आलो!" स्नायूंच्या बळाची अट त्याला समजावून सांगितली तेव्हा तो हसला आणि त्याने साधी सायकल काढून दिली.

या खेपेला दक्षिणेकडून, लोतारे खिंडीवरून निघालो. तिथून माथा साडेआठ किलोमीटर, आणि चढ पावणेसहाशे मीटरांच्या वर. वयाची साठी ओलांडलेली, हवा विरळ. दर दोन किलोमीटरांवर थांबलो. बोगद्याच्या दक्षिण तोंडाजवळ टूर द फ्रान्सचे जनक आंरी देग्रांज यांचे स्मारक आहे. तिथे बसून भाकरीऐवजी पावाचा तुकडा खाल्ला. शर्यतीच्या त्या कडक आचार्यासमोर बसून वेलोसिओच्या संप्रदायातला एक दमलेला म्हातारा पाव खातो आहे, ही कल्पना येऊन मौज वाटली. बोगद्याकडे आम्ही फार पाहिले नाही. पुढचा किलोमीटर सर्वांत उभा. अर्ध्यातून खाली उतरलो आणि सायकल ढकलत नेली. नियमाला ते मंजूर आहे, आणि आमच्या गुडघ्यांना दुसरे मंजूर नव्हते.

वर पाटी आहे. नाव आणि उंची, एवढेच. उत्तरेला व्हालुआरचे खोरे दिसत होते, आणि खाली ते वळण, जिथून आम्ही पंधरा वर्षांपूर्वी फिरलो होतो. ते इतके जवळ होते की तिथे उभ्या असलेल्या माणसाला हाक ऐकू गेली असती. वर दहाबारा मिनिटे थांबलो. वारा फार होता. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन जर्मन तरुण मोटारसायकलीवरून आले, त्यांनी मान हलवून नमस्कार केला.

त्या रात्री भाच्याच्या संगणकावर आम्ही यादी पुन्हा उघडली आणि पुसलेली खूण केली. आकडा पुन्हा 103 झाला. वर्षापूर्वीही तोच होता. कागदावर पाहणाऱ्याला दोन्ही याद्यांत काडीचाही फरक दिसला नसता. यादी पाठवली, आणि काही दिवसांनी प्रवेश मिळाल्याचे पत्र आले. सौभाग्यवतींना दूरध्वनीवरून सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "वरपर्यंत गेलात ना?" आम्ही 'हो' म्हटले. या 'हो' नंतर झोप चांगली लागली.

आपल्या गावात सायकली पुष्कळ आहेत, घाट जवळ आहेत, आणि तरुण मंडळी रविवारी पहाटे बाहेर पडू लागली आहेत हे आम्ही पाहतो. त्यांच्या मनगटावर आता यंत्रे असतात. किती चढलो, किती वेळात, हे ती यंत्रे जगाला परस्पर कळवतात. यंत्राला आमचा विरोध नाही. वाट चुकली तर ते उपयोगीही पडते. पण एक लहानशी वही जवळ ठेवा, असे आम्ही त्यांना सांगू. तिच्यात रोज दोन ओळी लिहा. जिथून परतलात तिथे 'परत' असे लिहा. आमच्या वहीत तो एक शब्द नसता, तर आम्ही आज इथे खोटे बोलत उभे राहिलो असतो, आणि आपणांपैकी कोणालाही ते कळले नसते.